मामांची सही

डुक्कर सकाळी सात वाजता मेलं आणि साडेसातला घरात पहिलं भांडण झालं. हेडविगाच्या हिशोबाने हे फारच लवकर होतं. दरवर्षी उपासाच्या चाळीस दिवसांआधी या अंगणात डुक्कर कापलं जाई, आणि दरवर्षी भांडणही होई, पण ते दुपारी, सॉसेज भरताना, स्लिवोवित्साच्या तिसऱ्या पेल्यानंतर. दारूवर ढकलता येईल असं भांडण बरं असतं. हे भांडण उपाशीपोटी झालं.

निमित्त ताटांचं. कापणीच्या दिवशी शेजारीपाजारी ताट जायचं: काळजाचा तुकडा, एक रक्ताचं सॉसेज, वाडगाभर गरम रस्सा. हेडविगाने रिवाजाप्रमाणे नऊ ताटं मांडून ठेवली होती. कॉर्नेलने, तिच्या थोरल्या मुलाने, त्यातलं एक उचलून फळीवर परत ठेवलं.

"ब्लाहोच्या घरी यंदा जाणार नाही," तो म्हणाला.

ब्लाहो पंचवीस वर्षं गावातल्या कम्युनिस्ट पक्षाचा सेक्रेटरी होता. त्यानेच दोन ओळींचा शेरा लिहून कॉर्नेलचं वकिलीचं शिक्षण बंद केलं होतं, कारण मुलाचा मामा पाद्री आणि तोही तुरुंगात गेलेला. तेव्हा कॉर्नेल अठरा वर्षांचा होता. आता चाळिशी आली, सहकारी शेतीच्या गोठ्यातले दिवे दुरुस्त करण्यात बावीस वर्षं गेली. नोव्हेंबरात प्रागपासून ब्रातिस्लाव्हापर्यंत सगळं उलथंपालथं झालं, सरकार पडलं, ब्लाहो घरात दार लावून बसला. कॉर्नेल मात्र अठराव्या वर्षी जिथे थांबला होता तिथूनच चालायला निघाल्यासारखा वागत होता.

"मी ताट त्याला नाही पाठवत, त्याच्या बायकोला पाठवते," हेडविगा म्हणाली. "पंचवीस वर्षं पाठवतेय."

"तेव्हा घाबरून पाठवत होतीस. आता कशाला?"

"घाबरून? अरे, घाबरणाऱ्या बाईने तुझ्या मामाला या घरात ठेवून घेतलं असतं का?" तिने ताट काढून पुन्हा जागेवर ठेवलं.

अंगणात डुकराचे केस खरवडत असलेला गेझा, तिचा जावई, मान वर न करता बोलला, "दादा, माझ्या ताटाचं काय ते आधी कळू द्या. मी पडलो लुथेरन, तुम्ही कॅथलिक. तुमच्या नव्या ख्रिस्ती पक्षात आम्ही बसतो की नाही, त्यावर आतडी धुवायची की नाही ते ठरवतो."

"ख्रिस्ती म्हणजे सगळे ख्रिस्ती. पक्षाच्या आवाहनात तसं स्पष्ट लिहिलंय."

"लिहिलंय, वाचलं मी. खाली ब्रातिस्लाव्हाच्या अकरा सह्या आहेत. अकराच्या अकरा तुमच्या. आमचा एक तरी पकडायचा होतात, शोभेला."

झोफिया, हेडविगाची मुलगी, हसली आणि कॉर्नेल हसला नाही. तिथेच हेडविगाला कळलं की आजचा दिवस सरळ जाणार नाही.

दुपारी तीन वाजता जिल्ह्याच्या गावाहून इंजिनिअर कुबिश येणार होता. पुढच्या शनिवारी नव्या पक्षाचा मेळावा होता आणि त्याच्या आवाहनाच्या कागदावर या भागातली पहिली सही हवी होती फादर वेंडेलीन बुचेक यांची. म्हणजे हेडविगाच्या भावाची. युरेनियमच्या खाणीत कैदी म्हणून नऊ वर्षं काढलेला माणूस. सुटल्यावर एकोणतीस वर्षं शाळेच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकला आणि लोकांच्या स्वयंपाकघरात पडदे ओढून मिस्साची प्रार्थना म्हटली. गेल्या महिन्यात त्याने पहिल्यांदा गावच्या चर्चमध्ये उघड मिस्सा म्हटली तेव्हा माणसं पायऱ्यांवर उभी होती. त्या नावाने जिल्हा जिंकता येतो, हे कुबिशला न कळायला तो काही वेडा नव्हता. मामाची सही आणा आणि जूनच्या निवडणुकीत या बाजूची उमेदवारी तुमची, असं त्याने कॉर्नेलला सांगितलं होतं.

मामा तीन आठवडे हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. आत्ता ते खिडकीपाशी बसून लसूण सोलत होते. उजव्या हाताची दोन बोटं खाणीत अर्धी गेलेली, पण लसूण त्यांच्याइतका नीट कुणी सोलत नसे.

दुपारी मोठ्या टेबलाभोवती सगळे सॉसेज भरायला बसले. गेझा यंत्राचा दांडा फिरवत होता, झोफिया आतडं धरत होती, हेडविगा कोपरापर्यंत मांसात हात घालून मिरपूड आणि मरव्याची पानं मिसळत होती.

"दादा, मला एक सांग," झोफियाने सुरुवात केली. ती शाळेत शिकवायची आणि नोव्हेंबरात चौकातल्या निदर्शनांत दहा दिवस उभी होती. "चौकात आपण सगळे एकत्र होतो. कोणी कोणाला विचारलं नाही, तू देवळात जातोस की नाही. तीन महिन्यांत तुला वेगळी चूल का मांडायची झाली?"

"कारण चौकात भाषणं तुमच्या कवींनी केली आणि थंडीत उभे राहायला आमची माणसं होती."

"आमचे कवी?"

"तुमचेच. त्यातले निम्मे कालपर्यंत पक्षाचं कार्ड खिशात घेऊन फिरत होते. झोफी, कायदे देवळात होत नाहीत. दीडशे माणसं एका सभागृहात बसून करतात. शाळेत धर्म शिकवायचा की नाही, नन्सचे मठ परत द्यायचे की नाही, सगळं तिथे ठरणार. चाळीस वर्षं त्यांनी पक्ष चालवला आणि आपण जपमाळ ओढली. काय झालं? मी गोठ्यातले दिवे लावले."

"म्हणजे तुझ्या दिव्यांसाठी येशूचं नाव वापरायचं?"

"झोफिया," हेडविगा म्हणाली.

"नाही आई, बोलू दे. हा निवडणुकीत हरला तर कोण हरलं? कॉर्नेल की देव? आणि जिंकून उद्या कुणाकडून पाकीट घेतलं, तर लोक काय म्हणतील? ख्रिस्ती माणसाने घेतलं म्हणतील."

"माणसं चुकतील. मग चुकण्याच्या भीतीने घरीच बसायचं का? शेत नांगरताना चिखल लागतोच." कॉर्नेल आता मामांकडे वळला. त्याचा आवाज बदलला, मऊ झाला. "मामा, तुम्ही शिकवलंत मला. विश्वास म्हणजे फक्त रविवारचा कोट नव्हे, म्हणाला होतात. मग सोमवारी ग्रामपंचायतीत, मंगळवारी विधिमंडळात तो न्यायचा नाही का?"

"न्यायचा," मामा म्हणाले. "कोटाच्या आत."

"म्हणजे लपवून? लपवून झालं की चाळीस वर्षं."

मामांनी लसणाची पुढची पाकळी उचलली. खरं सांगायचं तर हेडविगाला मुलाचं म्हणणं पटत होतं. तिला राजकारण कळत नव्हतं, पण दाराबाहेर ताटकळत उभं राहणं कळत होतं, आणि तिच्या मुलाने ते पुरेसं केलं होतं. सही केल्याने मामांचं काय जाणार होतं? तीन आठवडे तिलाही आतून भावाचा राग येत होता. तो तिने कणकेसारखा मळून मळून दाबला होता.

"बरं, तुम्ही नाही तर आजोबा आहेत," कॉर्नेल पुढे म्हणाला. "शनिवारी मी भाषणात आजोबांचं नाव घेणार आहे. तेही युद्धाच्या काळी ख्रिस्ती पक्षातच होते. आपल्या राष्ट्राचे, आपल्या धर्माचे. कम्युनिस्टांनी घोडे नेले, जमीन नेली, पण आजोबा कुणापुढे वाकले नाहीत. फर्डिनांड बुचेकचा नातू म्हणून मी..."

मामांनी सुरी खाली ठेवली. लसणाची साल हातांवरून झटकली आणि ते उठून परसदारी गेले. बाहेर उणे सहा होतं आणि त्यांनी कोटही घेतला नाही.

हेडविगाचे हात मांसातच थांबले. हे तिने कितीदा पाहिलं होतं. कोणी बापाचं नाव काढलं की वेंडेल उठून जायचा. सत्तावीस वर्षं ती समजत होती की त्याला दुःख होतं. त्रेसष्ट साली बाप याच घरात मेला. मरायच्या आदल्या दिवशी त्याने वेंडेलला आत बोलावलं, मुलगा म्हणून नव्हे, पाद्री म्हणून, आणि दार लावून पापांची कबुली दिली. पाऊण तास. वेंडेल बाहेर आला आणि माठातल्या पाण्याचे तीन पेले एकामागून एक प्यायला. कबुलीत ऐकलेलं पाद्री कोणाला सांगत नाही, बहिणीला नाही, बिशपला नाही, पोलिसांनी नखं उपटली तरी नाही. इतकंच काय, ऐकलेल्या गोष्टीचा वास लागेल असं वागायचंही नाही. हे या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आणि तिला आत्ता, चौसष्टाव्या वर्षी, कळलं की बापाने काय सांगितलं असणार. कारण ते तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. वेंडेल तेव्हा सेमिनरीत होता, दूर.

कुबिश बरोबर तीनला आला. सभ्य माणूस, टोपी हातात धरूनच आत शिरला. त्याने सॉसेज खाल्लं, हेडविगाच्या हाताचं कौतुक केलं, आणि मग हात पुसून कागद टेबलाच्या कोरड्या भागावर ठेवला. मामा परत येऊन खिडकीपाशी बसले होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"फादर, एक ओळ," कुबिश म्हणाला. "तुम्हाला निवडणूक लढवायची नाही, भाषण नाही. लोकांना फक्त दिसू दे की तुम्ही आमच्याबरोबर आहात."

"लोकांबरोबर मी आहेच, इंजिनिअरसाहेब. रोज सात वाजता, मिस्साला."

"तुमची सही नसली तर विचारतील, का नाही? काय सांगू?"

"म्हातारा झालो, सांगा."

"खोटं आहे हे," कॉर्नेल म्हणाला. आता त्याच्या आवाजात मऊपणा नव्हता. "मामा, मी तुमच्यासाठी भरपाई मागत नाही. पण तुमच्या नावामुळे माझ्यासाठी सगळी दारं बंद झाली आणि मी एकदाही तोंड उघडलं नाही. अभिमानच वाटला. आज त्याच नावाने एक दार उघडतंय, तर तुम्ही लसूण सोलत बसलाय. खाणीत घाबरला नाहीत, मग आता कशाला घाबरता? एक कारण सांगा. एकच, आणि मी गप्प बसतो."

मामांनी आपल्या अर्ध्या बोटांकडे पाहिलं.

"कारण आहे," ते म्हणाले. "पण ते माझ्या मालकीचं नाही."

कॉर्नेल तुच्छतेने हसला. सख्ख्या मामाला तो असा कधी हसला नव्हता. हेडविगाला ते हसणं सहन झालं नाही. तिने मांसातून हात बाहेर काढले, पण पुसले नाहीत.

"माझ्या मालकीचं आहे," ती म्हणाली. "मी सांगते."

"हेडविगा," वेंडेल हळूच म्हणाला.

"तू गप्प बैस. तू काही सांगितलं नाहीस आणि मी तुला काही विचारलेलं नाही. मी माझं सांगते." ती कॉर्नेलकडे वळली. "वरच्या आळीला ग्रुनफेल्ड म्हणून सोडावॉटर बनवणारा होता. यहुदी. तुला माहीत नाही, कारण आपण नाव काढत नाही. एक्केचाळीसच्या शरद ऋतूत त्या सगळ्या घराने बाप्तिस्मा घेतला. जीव वाचवायलाच घेतला, सगळ्यांना ठाऊक होतं, पाद्रीलाही. पण पाणी खरं होतं. धाकटी नऊ वर्षांची. तिची धर्ममाता व्हायला कोणी पुढे येईना, तर मी झाले. मला पंधरा पुरी होती. मी तिला हाताशी धरून वेदीपाशी नेलं."

यंत्राचा दांडा गेझाने केव्हाच सोडला होता.

"पुढल्या मे महिन्यात त्यांना छावणीत न्यायला आले. तेव्हा सरकार त्या ख्रिस्ती पक्षाचंच, यादीही त्याच्याकडे होती. दंडावर पट्टी बांधलेली माणसं, त्यात तुझे आजोबा. गाडीही आपलीच, घोडेही आपलेच. ग्रुनफेल्ड म्हणाला, फर्डिनांड, आम्ही आता ख्रिस्ती आहोत, तू होतास ना चर्चमध्ये? तर बाबा म्हणाले, बाप्तिस्म्याची तारीख उशिराची आहे. ग्रुनफेल्ड म्हणाला, मग पाद्रीला विचार. तेव्हा बाबा काय म्हणाले ते मी फाटकात उभी राहून ऐकलं. म्हणाले, ख्रिस्ती कोण हे आता पाद्री ठरवत नाही, पक्ष ठरवतो."

चुलीवरचा रस्सा उकळत होता आणि झोफियाने उठून तो बाजूला ओढला.

"आणि पोरीला गाडीत चढता येईना," हेडविगा म्हणाली. "गाडी उंच. तिने माझ्याकडे हात केले. मी उचलून वर दिलं." तिने आपल्या चिकट हातांकडे पाहिलं. "मी दिलं. बाबांनी नाही."

कुबिशने घसा साफ केला. "बाई, मी तेव्हा चार वर्षांचा होतो. त्या पक्षाशी आमचा काडीचा संबंध नाही. हा नवा आहे. आम्ही लोकशाहीवाले आहोत."

"असाल. मी कुठे नाही म्हणते? तेही वाईट माणसं म्हणून सुरू झाले नव्हते. बाबा रोज जेवणाआधी प्रार्थना करायचे."

कॉर्नेल मामांकडे बघत होता. "तुम्हाला माहीत होतं."

"तू मला काही विचारलं नाहीस," मामा म्हणाले. "आणि मी काही बोललो नाही."

कॉर्नेल कायद्याचा माणूस होता, शिक्षण मिळालं नाही तरी. त्याला कळलं. तो डोळे चोळत राहिला, आणि हेडविगाला वाटलं, गेला, माझा मुलगा दुसऱ्यांदा अठरा वर्षांचा झाला आणि या वेळी दार मी लावलं.

मग त्याने कागद स्वतःकडे ओढला.

"पहिली जागा कोरी राहू द्या," तो कुबिशला म्हणाला. "मी खाली सही करतो. मला अजूनही वाटतं, आपल्या माणसांनी तिथे बसलं पाहिजे. झोफी, तुला नाही पटणार."

"नाही पटत," झोफिया म्हणाली. तरी तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"पण शनिवारी मला बोलायला दहा मिनिटं हवीत. आईने सांगितलं ते मी सांगणार. आजोबांचं नाव घेणारच होतो, आता पूर्ण घेतो."

कुबिशचा चेहरा उतरला. "कॉर्नेल, असं करू नका. सभेत म्हातारी माणसं असतील. त्यांतले कित्येक... आणि उमेदवारी मग माझ्या हातात राहणार नाही."

"जाईल. माहीत आहे."

"मग कशाला?"

"कारण नाहीतर यादी पुन्हा आपल्याच हातात आणि काय झालं होतं ते कोणालाच माहीत नाही. असा पक्ष मला नको." तो आईकडे वळला. "आई, तू नको म्हणालीस तर मी नाही सांगणार. पण मग सहीही नाही करणार. ठरव."

हेडविगाला वाटलं, हे बरं आहे, आयुष्यभर पुरुषांनी ठरवलं आणि आता नेमकं हे माझ्यावर. खोलीत सांगणं वेगळं. इथे सगळे आपले. पण शनिवारी तीनशे माणसं ऐकतील, रविवारी गाव ऐकेल, आणि सोमवारी तिला पावाच्या दुकानात रांगेत उभं राहायचं होतं. बुचेकांचं नाव या गावात खाणीतल्या संतामुळे होतं. ते तसंच राहिलं असतं. तिने वेंडेलकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता, मुद्दाम, तिच्यावर कसलंही वजन पडू नये म्हणून. तिला त्याची फार माया आली.

तिने बादलीत हात धुतले, एकेक बोट, आणि एप्रनला पुसले.

"मला गावात राहायचंय, कॉर्नेल," ती म्हणाली.

"माहीत आहे, आई."

"मग नीट सांग. ते यहुदी, ती मंडळी, असं नाही म्हणायचं. नावं घ्यायची. लिहून घे."

कुबिशने, काय करावं ते न कळून, आपलं पेन पुढे केलं. कॉर्नेलने आवाहनाचा कागद पालथा घातला.

"आर्मिन ग्रुनफेल्ड. बायको रेगिना. थोरली एडिता, तिला सतरावं होतं. धाकटी लीव्हिया." ती थांबली. "बाप्तिस्म्यातलं नाव मारिया लीव्हिया. दोन्ही लिही. आणि तिच्यापुढे लिही, धर्ममाता हेडविगा. गाडीत तिने चढवलं, हेही लिही."

कॉर्नेलने लिहिलं. मग पेन थांबलं. "आडनाव कुठलं लिहू, आई? आपलं, लग्नानंतरचं?"

"नाही," हेडविगा म्हणाली. "बापाचं. बुचेकची मुलगी, बुचेकोवा."